माकू माय

आमच्या घरात बसरा हा शब्द आधी आजीच्या नथीतून आला. नथीला सात मोती होते, बारीक, पिवळसर झाक असलेले, आणि ती ते पुसताना दर वेळी सांगायची की हे बसऱ्याचे मोती आहेत, हे मरत नाहीत. आखाताच्या पाण्यात सापडणारे मोती बसऱ्याच्या बाजारातून मुंबईला यायचे, म्हणून ते बसऱ्याचे. आजीला हे ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी बसरा म्हणजे कोल्हापूरच्या गुजरीसारखी एखादी सराफांची पेठ असावी. मग १९८१ साली तिचा मुलगा, म्हणजे माझे वडील, त्या दिशेला नोकरीला निघाले, आणि तिला पहिल्यांदा कळलं की ते समुद्रापलीकडे आहे आणि तिथं लढाई चालू आहे.

आप्पा पंप फिटर. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ जॅकवेलवर त्यांची उमेदवारी झाली. इराकची तरणी माणसं इराणच्या आघाडीवर गेलेली, त्यामुळे तिथल्या कामांवर बाहेरचे कामगार लागत होते. एका भारतीय ठेकेदाराबरोबर आप्पा बगदादला गेले आणि तीन वर्षं तिथल्या पाणीपुरवठ्याच्या कामावर राहिले. त्यांचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी चार वर्षांची होते. आईनं ते इतक्या वेळा वाचून दाखवलंय की मला पाठ आहे. त्यात खुशाली होती, पगाराचा हिशोब होता, आणि शेवटी एक ओळ होती: इथं पाण्याला माय म्हणतात.

परत येताना त्यांनी एक वही आणली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. एका बाजूला पंपांची मापं आणि दुसऱ्या बाजूला ऐकून देवनागरीत उतरवलेले शब्द. माय, पाणी. कहरबा, वीज. बाचर, उद्या. अकू, आहे. माकू, नाही. हे शेवटचे दोन शब्द इराक-कुवेतबाहेरच्या अरबीत सहसा ऐकू येत नाहीत असं मला पुढे कळलं. इराकी माणूस बहुतेक वेळा या दोन शब्दांवरून ओळखू येतो. आम्ही भावंडं अकू-माकू खेळायचो, मुठीत चिंचोका लपवून. आप्पांना हे शब्द ज्यांनी शिकवले त्यांना ते उस्ता म्हणत. तिकडे हातातल्या कलेच्या माणसाला तसंच म्हणतात, आपल्याकडच्या उस्तादासारखं. वयानं आप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आणि पंपाच्या कवचाला कान लावून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगणारे. ते आप्पांना चिमणीएवढ्या इस्तिकानमधून काळा चहा पाजायचे, कधी वाळवलेल्या काळ्या लिंबाचा काढा, ज्याला नूमी बसरा म्हणतात. त्या लिंबांची एक पुरचुंडी आमच्या मसाल्याच्या डब्यात कितीतरी वर्षं होती. आईला त्याचं काय करायचं ते कळलं नाही, पण तिनं ती टाकलीही नाही.

१७ जानेवारी १९९१. मी आठवीत होते. दूरदर्शनच्या बातम्यांत बगदादचं रात्रीचं आकाश दाखवलं, त्यात ठिणग्यांच्या माळा वर चढत होत्या. शेजारची मुलं आमच्याकडे टीव्ही बघायला आली होती आणि त्यांना ते दिवाळीसारखं वाटलं. मलाही तसंच वाटलं, हे मी लपवणार नाही. आप्पा मात्र आकाशाकडे बघत नव्हते. ते खालचा काळा भाग बघत होते. शहराची एक बाजू एकदम विझली तेव्हा ते हळूच म्हणाले, “माकू कहरबा.” थोड्या वेळानं, कुणालाच उद्देशून नाही असं, “माकू माय.”

त्या दोन वाक्यांमधली साखळी मला समजायला बरीच वर्षं लागली. पंप फिटरला ती क्षणात दिसली होती. नदीचं कच्चं पाणी उपसायला वीज लागते. त्यात तुरटी घातली की गाळ खाली बसतो, मग ते वाळूच्या फिल्टर बेडमधून जातं, मग क्लोरीन, मग पुन्हा पंपानं उंच टाकीत आणि तिथून नळाला. वीज गेली की हे सगळं जिथल्या तिथे थांबतं. पण बगदादमध्ये एवढ्यावर भागत नाही. ते शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम पस्तीसेक मीटर उंचीवर आहे आणि समुद्र पाचशे किलोमीटर दूर. जमीन परातीसारखी सपाट. आपल्या डोंगरउताराच्या गावांत सांडपाणी आपणहून ओढ्याला लागतं, तिथं ते जागोजागी पंपानं उचलून पुढे ढकलावं लागतं. ते पंप थांबले की घाण रस्त्यावर येते, तिथून नदीत. आणि त्याच नदीतून लोक बादल्या भरतात, कारण नळाला पाणी नाही. आप्पांनी हे सगळं मला एकदा ताटात आमटी ओतून समजावलं होतं.

अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची बॉम्बफेक ४३ दिवस चालली. वीजकेंद्रं, पूल, तेलशुद्धीकरण, टेलिफोन. १३ फेब्रुवारीला बगदादमधल्या अमिरिया इथल्या आश्रयस्थानावर दोन बॉम्ब पडले आणि आत झोपलेली चारशेहून अधिक माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुलं. मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मार्टी आहतिसारी यांना पाहणीला पाठवलं. हे फिनलंडचे मुत्सद्दी, पुढे त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्या अहवालाचा आशय असा की हा देश आता यंत्रयुगाच्या आधीच्या काळात ढकलला गेला आहे, पण जगणं मात्र यंत्रांवर अवलंबून असलेलंच आहे. मला वाटतं, या एका निरीक्षणात पुढची बारा वर्षं मावतात. ज्या गावात कधीच नळ नव्हता तिथं आड असतो, पोहरा असतो, पाणी गाळायची फडकी असतात, कुठलं पाणी प्यावं याचं शहाणपण असतं. नळावर वाढलेल्या शहरात यातलं काहीच नसतं.

तरी हे दुरुस्त होणारं होतं. मला हे पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण युद्धाच्या गोष्टीत हा भाग कुणी सांगत नाही. इराकी अभियंत्यांनी एका मोडक्या केंद्राचे भाग काढून दुसऱ्याला जोडले, दोन मेलेल्या यंत्रांमधून एक जिवंत केलं, आणि वर्षा-दीड वर्षात बऱ्याच भागाला पुन्हा थोडीथोडी वीज मिळू लागली. तिग्रिसवरचे तुटलेले पूल त्यांनी उभे केले. आप्पा म्हणायचे, तिथल्या माणसांचे हात मी बघितलेत, ती गप्प बसणार नाहीत. पण एका यंत्राचं काढून दुसऱ्याला लावायचं हे किती दिवस चालणार? काढायला काही उरेपर्यंतच.

आणि बाहेरून काही येणार नव्हतं. कुवेतमध्ये इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनच्या फौजा घुसल्या २ ऑगस्ट १९९० ला, आणि ६ ऑगस्टला सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक ६६१ मंजूर केला. इराकशी सगळा व्यापार बंद. औषधांना सूट आणि माणुसकीच्या निकडीपुरती अन्नाला. सप्टेंबरमध्ये विमानंही बंद झाली. बॉम्ब पडण्याच्या पाच महिने आधी हा दरवाजा लागला होता, आणि बॉम्ब थांबल्यावर, कुवेत मोकळं झाल्यावरही तो उघडला नाही. मे २००३ पर्यंत उघडला नाही.

मराठीत आपण याला निर्बंध म्हणतो. शब्द कोरडा आहे, नगरपालिकेच्या फलकावर शोभावा असा. इराकी लोक त्याला अल-हिसार म्हणत, म्हणजे वेढा. हा शब्द कळल्यावर मला सगळं वेगळं दिसू लागलं, कारण वेढा म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पन्हाळ्याला सिद्दी जौहरची मिठी पडली ते आपण चौथीत शिकतो. रसद तोडायची आणि वाट बघायची. आणि मराठी माणसं इराकमध्ये खरोखरच वेढ्यात सापडली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. पहिल्या महायुद्धात तिग्रिसकाठच्या कूत या गावात ब्रिटिश-भारतीय फौज अडकली, त्यात मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस. खेचरं आणि घोडे कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. आजीच्या तोंडी मेसोपोटेमिया हा शब्द यायचा तो याच वाटेनं; तिचा एक चुलता त्या लढाईवरून परत आला नव्हता. लढाई सरल्यावर ब्रिटिशांनी त्या मुलखाचा ताबा ठेवला, आणि १९२० च्या दशकात बंड करणाऱ्या, सारा न भरणाऱ्या टोळ्यांच्या गावांवर विमानांतून बॉम्ब टाकले. कमी सैन्यात, कमी खर्चात राज्य राखायची ती तेव्हा नवी रीत होती. इराकी खेड्यातल्या म्हातारीला आकाशाची भीती १९९१ मध्ये शिकावी लागली नाही.

पण कूत एक छावणी होती आणि पन्हाळा एक गड. नव्वदच्या दशकातला वेढा पावणेदोन कोटी माणसांच्या अख्ख्या देशाला होता, ज्यात नुकतं जन्मलेलं मूलही होतं.

१९९४ साली उस्तांचं पत्र आलं. त्यावर जॉर्डनचं तिकीट होतं. अम्मानला निघालेल्या कुणाच्यातरी हाती दिलं असणार, कारण बाहेर पडायचा तोच वाळवंटातला रस्ता उरला होता. इंग्रजीत, बहुधा मुलाकडून लिहून घेतलेलं. आईची, आमची सगळ्यांची चौकशी. स्वतःबद्दल जवळजवळ काही नाही. शेवटी लिहिलं होतं की सहा हजार तीनशे दहा मिळालं तर बरं होईल, दोन मिळाली तर फारच बरं.

६३१० हा बेअरिंगचा नंबर आहे. आतलं भोक पन्नास मिलिमीटर, बाहेरचा व्यास एकशे दहा, रुंदी सत्तावीस. कुठल्याही देशात बनलेलं असो, ६३१० म्हणजे ६३१०. कऱ्हाडच्या पंपाला बसेल तेच बगदादच्या पंपाला बसेल. आप्पांना या गोष्टीचं फार कौतुक होतं. माणसांनी एवढं तरी एकमेकांत ठरवून ठेवलंय, असं ते म्हणायचे. दुसऱ्याच दिवशी ते कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेले आणि दोन बेअरिंगं घेऊन आले, मेणकागदात गुंडाळलेली. मग मुंबईला गेले. बॅलार्ड इस्टेटमध्ये एका माल पाठवणाऱ्या माणसानं त्यांना बसवून घेतलं, चहा दिला, आणि सांगितलं की औषधं असती तर बघितलं असतं, यंत्राचा भाग म्हटल्यावर न्यूयॉर्कच्या समितीची परवानगी लागेल, आणि ती दोन बेअरिंगांसाठी कुणी मागत नाही. आप्पा रात्रीच्या गाडीनं परत आले. पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली होती, असं आई सांगते.

ती न्यूयॉर्कची समिती मी पुढे बरीच शोधून वाचली. सुरक्षा परिषदेच्या पंधरा सदस्यांची, बंद दाराआड बसणारी, आणि तिथं एकाही सदस्यानं हरकत घेतली की माल अडकायचा. हरकती बहुतेक अमेरिकेच्या असत, काही ब्रिटनच्या. कारण ठरलेलं: दुहेरी वापर. ज्या वस्तूनं पाणी शुद्ध होतं तिनं विषारी वायूही बनू शकतो. क्लोरीनचं तसंच होतं. ही भीती खोटी नव्हती, हे मला टाळता येत नाही. १६ मार्च १९८८ ला हलब्जा गावात याच सद्दामच्या राजवटीनं विषारी वायूनं हजारो कुर्द माणसं मारली होती. तरीही मी जेव्हा वाचलं की पाण्याचे टँकरसुद्धा या कारणानं अडकून पडले, तेव्हा मला हातातला कागद बाजूला ठेवावा लागला. माझं लहानपण कऱ्हाडात गेलं, पण मावशी दुष्काळी माण तालुक्यात. एप्रिल-मेमध्ये टँकर आला की तिथं काय होतं, हंडे कसे धावतात, कोण पडतं, कोण रडतं, ते मी पाहिलंय. टँकर म्हणजे शस्त्र असू शकेल हे त्या रांगेतल्या कुठल्या बाईला समजावून सांगता येईल?

दोष सगळा बाहेरचा नव्हता. तेल विकून अन्न घ्यायची पहिली सवलत १९९१ मध्येच पुढे आली होती, ती सद्दामनं नाकारली. मग तशीच सवलत देणारा १९९५ चा ठराव ९८६ आला, आणि पहिलं अन्न देशात पोचायला मार्च १९९७ उजाडलं. लोक रेशनच्या पिठावर जगत असताना त्याचे महाल बांधले जात होते. पण महालात राहणाऱ्याला वेढा लागला नाही. जो वेढा राजाला लागत नाही आणि रयतेला लागतो, त्याला मी राजावरचं दडपण म्हणायला तयार नाही. २००२ च्या सुमारास समितीत अडकलेल्या करारांची किंमत ५ अब्ज डॉलरच्या वर गेली होती, आणि त्या ढिगात कुठंतरी बेअरिंगंही असणारच.

मुलं किती गेली? पाच लाख हा आकडा जगभर फिरला. १९९६ मध्ये अमेरिकी टीव्हीवर अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या तेव्हाच्या राजदूत मॅडेलिन ऑलब्राइट यांना तोच विचारला गेला, आणि ही किंमत मोजण्याजोगी आहे असं आम्हाला वाटतं, असं त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी त्या उत्तराबद्दल जाहीर खेद केला. नंतरच्या पाहण्यांत तो आकडा टिकला नाही. सद्दामच्या सरकारनं तो फुगवला असावा असं अभ्यासकांनी दाखवलं. मी तो आकडा वापरत नाही. मला ते उत्तर मात्र विसरता येत नाही, कारण ते देताना त्यांनी आकडा खोटा आहे असं म्हटलं नव्हतं. अतिसारानं, विषमज्वरानं मुलं दगावत होती यात शंका कुणालाच नाही, आणि दोन्ही आजार पाण्यातून येतात. एका मुलाला एक आकडा पुरतो.

संयुक्त राष्ट्रांच्याच नोकरीतल्या दोघांना हे सोसलं नाही. आयर्लंडचे डेनिस हॅलिडे चौतीस वर्षांच्या सेवेनंतर १९९८ मध्ये इराकच्या मदतकार्याचं प्रमुखपद सोडून गेले. त्यांच्या जागी आलेले जर्मनीचे हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये तेच केलं. ही नावं आमच्या घरात आप्पांच्या तोंडी असायची, जणू भावकीतली माणसं.

पैशाचं काय झालं ते तर सांगवत नाही. आप्पा तिथं असताना एका दिनाराला तीन डॉलर मिळायचे. पंधरा वर्षांत एका डॉलरला दोन-तीन हजार दिनार झाले. महिन्याच्या पगारात अंड्यांचा एक ट्रे यायचा, असं त्या काळातले इराकी सांगतात. बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर शुक्रवारी पुस्तकांचा बाजार भरतो. तिथं प्राध्यापक आपली घरची पुस्तकं फुटपाथवर मांडून विकत होते. डॉक्टर होते, औषधं नव्हती. मी आता पुण्यात राहते आणि कामाला जाताना रोज ससूनवरून जाते. ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय, ते डेव्हिड ससून बगदादचे ज्यू. तिथल्या छळाला कंटाळून निघालेले, १८३२ मध्ये मुंबईत आलेले, आणि इथं लाल देऊळ म्हणतात त्या सिनेगॉगच्या आवारात चिरविश्रांती घेत असलेले. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इमारतीत दीडशे वर्षं आपली गोरगरीब माणसं बरी होताहेत. त्या बगदादला आपण दोन बेअरिंगं पाठवू शकलो नाही.

२००३ मध्ये पुन्हा बॉम्ब पडले, राजवट पडली, आणि मे महिन्यात निर्बंध उठले. आप्पांनी त्या आठवड्यात उस्तांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. नंतर त्या देशात जे झालं ते इतकं मोठं आणि इतकं गुंतागुंतीचं की एका घरापुरतं उत्तर शोधायचं धाडस आम्ही सोडून दिलं. १९९१ मध्ये झाडलेल्या गोळ्यांमधलं युरेनियम दक्षिणेच्या मातीत आहे, न फुटलेले बॉम्ब वाळूत आहेत, आणि भंगार वेचणारी मुलं त्या वाळूत हात घालतात. पण मला दिसतात ते पंपच. बारा वर्षं तेल-पाणी न मिळालेलं यंत्र पुन्हा चालू करता येत नाही. यंत्र चालवायला शिकवणारे उस्ताही तोवर कुठंतरी टॅक्सी चालवायला गेलेले असतात.

२०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात नळाला खारं, घाण पाणी आलं आणि लाखाहून अधिक माणसं दवाखान्यांत भरती झाली. शत-अल-अरब नदीत समुद्र आत शिरला होता. वरून नदीचं पाणी घटलं होतं, आणि शुद्धीकरणाची यंत्रणा जुनाट, कशीबशी चालणारी. त्याच वर्षी आमच्या सोसायटीत एक इराकी विद्यार्थी भाड्यानं राहायला होता, बसऱ्याचाच. दसऱ्याला मी त्याला कऱ्हाडला घेऊन गेले.

खंडेनवमीला आप्पा हत्यारं काढतात. पाने, हातोड्या, पक्कड, पाइप पाना, सगळं रॉकेलनं धुवून, पुसून, पाटावर मांडून हळद-कुंकू. शेवटी ट्रंकेच्या तळातून मेणकागदाची पुडी येते. चोवीस वर्षं दर खंडेनवमीला त्यांनी ती दोन बेअरिंगं धुवून पुन्हा ग्रीस भरून ठेवली होती. मुलगा मांडी घालून बसला होता. त्यानं एक उचललं, बोटावर धरून फिरवलं. ते आवाज न करता फिरत राहिलं. त्यानं वरचा नंबर वाचला, मग आप्पांकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही. आप्पांनी निळी वही काढून त्याच्यापुढे केली आणि तो देवनागरी अक्षरं लावत, अडखळत, आपल्याच भाषेतले शब्द वाचू लागला.

आई पाणी घेऊन आली. तांब्याभर. तो एका दमात प्यायला.

“बसरा?” आप्पांनी विचारलं. चौतीस वर्षांनी ते त्या भाषेत कुणाशी तरी बोलत होते, आणि शब्द लावायला त्यांना वेळ लागला. “अकू माय?”

मुलानं तांब्या खाली ठेवला.

“अकू,” तो म्हणाला. “बस मालिह.”

बस म्हणजे पण. मालिह म्हणजे खारं, हे वहीत नव्हतं. आप्पांनी पेन घेतलं आणि मायच्या पुढे ते लिहून ठेवलं. आईनं तांब्या उचलला आणि पुन्हा भरून आणायला आत गेली.